टायरमधली वात

त्या हिवाळ्यात मी देवीशी बोलत नव्हते. पूजा चालू होती. सकाळी सातला रेणुकेचा टाक धुवायचा, पुसायचा, कुंकू, फूल, सगळं जागच्या जागी. शिस्त मोडणं माझ्या हातून होत नाही, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पण दिवा लावत नव्हते. समई घासून, पालथी घालून फडताळात ठेवली होती. ईशान, रेवा, तुमच्या आजीने दीड वर्ष देवघरात अंधार ठेवला होता आणि तो जाणूनबुजून ठेवला होता. मागच्या फोनवर रेवाने विचारलं की चांदीच्या डबीत ते काळपट काय जपून ठेवलंय. त्याचं उत्तर या अंधारापासून सुरू होतं, म्हणून आधी तो सांगते.

आपल्या भागात कापसाची पहिली वेचणी करण्याआधी सीतादही करतात. पऱ्हाटीच्या एका झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडा दहीभात वावरात शिंपडायचा, की कापूस दह्यासारखा पांढरा घरी यावा. वासुदेव नावाचा माझा एक जुना विद्यार्थी त्या दिवशीची पहिली ओंजळ बाजूला काढून मला आणून द्यायचा. "बाई, देवाले," एवढंच म्हणायचा. इंग्रजीत तीनदा नापास झालेला मुलगा, पण बावीस वर्षांत हे एकदाही चुकला नाही. त्या कापसातली सरकी काढून मी रोज दुपारी चहाआधी वाती वळायची. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. अळीने खाल्लं ते खाल्लं, उरलेलं घ्यायला कोणी नव्हतं. दिग्रसच्या बाजाराबाहेर गाड्या आठ-आठ दिवस उभ्या असत आणि बैल तिथेच रस्त्यावर कडबा खात. एका दुपारी वासुदेव रिकाम्या हाताने आला. पऱ्हाटी उपटून टाकली, बैल विकले, पुण्याला वॉचमनची नोकरी मिळाली, असं त्याने खाली बघत सांगितलं. पन्नाशीचा माणूस परक्यांच्या फाटकाशी सलाम ठोकायला निघाला होता आणि माझीच माफी मागत होता, की यंदा देवाला कापूस नाही.

त्या संध्याकाळी मी देवीसमोर उभी राहिले आणि तिला स्पष्ट सांगितलं, "ज्याने तुझ्यासाठी पहिली ओंजळ काढून ठेवली, त्याच्या ओंजळीत तू काही ठेवलं नाहीस. आता माझ्याकडून वात नाही."

आता कविताबद्दल. डोंगरापलीकडे पिंपळदरा नावाचा एक तांडा आहे. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला एसटीने जात असे. तिथली अकरा वर्षांची कविता, साखरेचा आजार असलेली, रोज इन्सुलिनच्या सुईवर जगणारी. तांड्यात फ्रिज नाही, वीज असली तर असली. म्हणून तिच्या इन्सुलिनच्या शिश्या मी माझ्या फ्रिजमध्ये ठेवायची. एका वेळी एकच शिशी द्यायची, हा माझा नियम. ती संपली की रिकामी परत आणायची, वहीत सही करायची, मग दुसरी. कविताची आई शांता एकदा म्हणाली होती, "बाई, दोन देता का? मी माठात ओल्या फडक्यात ठेवीन." मी नाही म्हटलं. खराब होतील, हरवतील, कोणी पोर खेळायला नेईल. मी तेव्हा स्वतःला फार जबाबदार समजत होते.

त्या आठवड्यात कापसाला भाव मिळावा म्हणून चक्काजाम सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला तांड्यातल्या गुरुजींचा फोन आला. "बाई, काल सकाळी बकरीनं माठ पाडला. शिशी फुटली. पोरीले कालपासून सुई नाही. ओकून राह्यली." कविताचे वडील ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेले, घरी शांता एकटी. मी आपल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आधी इन्सुलिन पोचवा, बाकीचं नंतर. संध्याकाळची वाट बघू नका." अँब्युलन्स जॅमच्या पलीकडे अडकलेली होती. पेट्रोल पंप कोरडे पडले होते. ज्यांच्या टाकीत थोडं होतं, त्यांनी आपापली अडचण सांगितली आणि त्यात खोटं काही नसावं.

मी थर्मासमध्ये शिशी घेऊन चौकात गेले. तिथे एका सरकारी जीपमध्ये एक साहेब बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, अर्ज द्या, वर विचारतो." मी विचारलं, "वर म्हणजे किती वर?" त्यांना ते आवडलं नाही. रस्त्यावर आडव्या लावलेल्या गाड्यांपाशी गेले, तर आंदोलनाचा पुढारी माझाच विद्यार्थी निघाला. त्याने वाकून नमस्कार केला. "बाई, तुमाले कोण अडवन? पण गाडी कुठून काढू? पाच किलोमीटर बैलगाड्याच हायेत. हटवता हटवता रात होईन." तोही खरंच बोलत होता. मला साहेबाचा राग आला, पुढाऱ्याचा आला, भाव न देणाऱ्यांचा आला, आणि सर्वांत जास्त त्या फडताळातल्या समईच्या मालकिणीचा आला. घरी परत येताना मी चालत्या पायी तिला म्हटलं, "आता हिलाही ने. एवढंच राहिलं होतं."

घरात शिरले तर पडवीत ईशानची अठरा गिअरची डोंगरी सायकल उभी होती. तीच, जी सुट्टीत तू महिनाभर उडवलीस आणि विमानात नेता येईना म्हणून सोडून गेलास. मी शाळेत तीस वर्षं सायकलने गेले आहे. ही सायकलही मी मागे एका सकाळी गल्लीत चालवून बघितली होती, शेजारी हसले तरी. डोंगरातून तांड्याला एक जुनी वाट जाते, एसटीच्या रस्त्याच्या निम्म्याहून कमी. वय एकसष्ट. मी कागदावर यादी केली. शिशी, थर्मास, पाणी, गूळ, पंक्चरची पेटी, टायर काढायला दोन चमचे, पंप. प्रत्येकासमोर बरोबरची खूण केली, आजोबांचा लोकरी स्वेटर चढवला, कान बांधले आणि निघाले. शेजारच्या मालतीकाकू फाटकातून ओरडल्या, "अवं, वय पाहा आपलं! देवाचं नाव तरी घ्या!" मी म्हटलं, "त्याच्याशी अबोला आहे."

पहिला तासभर धुकं होतं. हाताची बोटं ब्रेकवर लाकडासारखी झाली होती. सपाटीवर दोन्हीकडे पऱ्हाटी उभी, कुठे कुठे बोंडं न वेचताच लोंबत होती. वेचून ठेवायला घरात जागा नव्हती म्हणून. ते पांढरं बघून माझा संताप पायांत उतरला आणि चढाला कामी आला. तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी मी भक्तीने नाही, रागाने पेडल मारत होते. डोंगर सुरू झाल्यावर सागाची वाळलेली पानं वाटेवर ताटांएवढी पसरलेली. त्यांच्याखाली दगड दिसत नसे, सायकल घसरायची. सगळ्यांत लहान गिअर टाकूनही दोन ठिकाणी उतरून ढकलावी लागली. खालच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, तीन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेलेला, तो कोणी बांधला नव्हता. नवीन कामाच्या भूमिपूजनाची पाटी मात्र काठावर शाबूत होती, वर वाळलेल्या हाराचा दोराही होता. मी सायकल खांद्यावर घेतली आणि गुडघाभर बर्फासारख्या पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून पलीकडे गेले. पाटीसमोर क्षणभर थांबून, आयुष्यात पहिल्यांदा, एक अपशब्द मोठ्याने उच्चारला. कोणता, ते लिहीत नाही.

घाटाच्या माथ्यावर मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मी घाबरले नाही. माझ्याकडे सगळं होतं. चमच्यांनी टायर सोडवला, ट्यूब काढली, भोक शोधलं, घासून पट्टी चिकटवली. शाळेत मुलांना दाखवावं इतकं नीट काम. मग पंप लावला, आणि तो बसेना. आपल्या साध्या सायकलचं व्हॉल्व्ह वेगळं असतं, ईशानच्या सायकलचं मोटारीसारखं. पंपाचं तोंड त्यावर बसतच नाही. यादीत पंपासमोर खूण होती. पंप लावून बघितला मात्र नव्हता. मी पुन्हा लावला, पदर गुंडाळून लावला, दाताने ओढून लावला. साडेअकरा वाजले होते. पुढे आठ किलोमीटर, तेही दगडाचे. हवेशिवाय चाक रेटलं तर रिम मोडणार, पायी गेले तर कधी पोचणार? तेव्हाच आणखी एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. ही वेळ बकरीने आणली नव्हती. एका वेळी एकच शिशी, हा नियम माझा होता. शांताकडे दुसरी शिशी असती, तर हा डोंगरच मध्ये आला नसता. दोन तास जगाला शिव्या देत आले होते आणि शेवटची शिवी मलाच लागू होत होती.

मी वाटेच्या कडेला बसले आणि रडले. हात जोडले नाहीत. फक्त म्हटलं, "माझ्याने आता होत नाही. तुला करायचं असेल तर कर. माझ्यासाठी करू नकोस, मी त्या लायक वागले नाही. त्या पोरीसाठी कर." एवढंच. दीड वर्षात तिच्याशी भांडणापलीकडे बोललेलं ते पहिलं वाक्य.

"काहून वं बाई, रडून राह्यल्या?" मागून आवाज आला. "मले वाटलं झुडपात रोही घुसला."

रोही म्हणजे नीलगाय. उतारावरच्या वावरातून एक बाई वर येत होती. माझ्याच वयाची, काळीसावळी, डोक्याला रुमाल, पोटाशी वेचलेल्या कापसाची ओटी फुगलेली. मी हुंदके आवरत सगळं सांगितलं. तिने सायकलकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढ्या शिकल्या अन तोंड पाह्यलं नाही पंपाचं?" मी म्हटलं, नाही पाहिलं. "बरं झालं कबूल केलं," ती म्हणाली आणि खाली बसली. टायरमध्ये बोटं घालून चाचपून बघितलं. "माझा माणूस तरुणपणी वैरण भरे असा, सायकल बसली की. इथं वैरण कुठली? पण कापूस हाय की. वाती वळता येतात का तुमाले?"

"वाती?" मी विचारलं.

"देवाच्या वाती वो! बामनाच्या घरी रोज वळतात ना? तशाच, पण हाताएवढ्या जाड. पीळ घट्ट पायजे. वळा."

आणि ईशान, रेवा, दीड वर्ष वात वळायची नाही म्हणून हट्ट धरलेली तुमची आजी, डोंगराच्या माथ्यावर, वावराच्या धुऱ्यावर बसून वाती वळू लागली. सरकीसकट कापूस, मांडीवर घेऊन दोन्ही तळव्यांनी पीळ द्यायचा. मी वळायची, ती टायरच्या आत दाबून बसवायची, चमच्याच्या दांड्याने ठोकायची. ओटीतला कापूस संपला तेव्हा ती खाली जाऊन गाठोडं घेऊन आली. सकाळपासूनची सगळी वेचणी होती ती. मी म्हटलं, "अहो, तुमचा मालक काय म्हणेल?"

"मालक मीच हाय. दीड एकर. घरात कापूस छताले लागला, त्याच्यावरच झोपतो, अंगाले खाज सुटते रातभर. कोणी घेत नाही." टायर तिने हाताने दाबून बघितला, तो आता मुठीसारखा घट्ट झाला होता. "आज तुमच्या सायकलीनं घेतला. एक गिऱ्हाईक तर भेटलं!" आणि ती इतकी मोकळी हसली, की मलाही रडता रडता हसू आलं.

निघताना मी पर्समधून नोट काढली. माझी दुसरी चूक. तिचा चेहरा बदलला. "ठेवा ते. बाजारात भाव लावत नाहीत, अन तुमी इथं वावरात येऊन लावून राह्यल्या? पोरीच्या जिवाचा भाव काढता का?" मी नोट परत ठेवली. त्या दिवसात मी ऐकलेल्या सगळ्या रागांत हा एकच राग पूर्ण बरोबर होता. मी नाव विचारलं. "गयाबाई. आता जा, गप्पा नंतर."

कापसाच्या चाकाची सायकल जड चालते, हादरे हाडापर्यंत येतात. पण ती चालते. उतारावर दगडांवरून ती धपधप करत गेली, आणि मी पेडल मारताना माझ्या वाती माझ्याखाली फिरत होत्या. मी एकदाही कोणाला शिवी दिली नाही. राग संपला होता असं नाही, पण बोलायला कोणी समोर उरलं नव्हतं. सगळ्यांच्या जागी ती पोर होती.

दीडच्या सुमारास तांड्यात पोचले. कविता खाटेवर पडली होती, श्वास खोल आणि भराभर, तोंडाला सडक्या फळासारखा वास. मी शिशी काढून सूचना द्यायला तोंड उघडलं. शांताने ती माझ्या हातून घेतली, तळव्यात फिरवली, सुई भरली, उजेडात धरून बुडबुडा काढला आणि टोचली. फोन लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तसं पाणी घोटघोट देत राहिली. मी बाजूला उभी राहून पाहत होते. दोन वर्षं ही बाई रोज हे करत होती, आणि मी तिच्या हाती दुसरी काचेची शिशी द्यायला घाबरत होते.

ऊन कलायला आलं तेव्हा श्वास हलका झाला. कविताने डोळे उघडले आणि "याडी" म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. शांता खाटेशी होती, तरी मला क्षणभर वाटलं की ही हाक फक्त या झोपडीत राहिली नाही, डोंगर चढून वर गेली. दुसऱ्या दिवशी जॅम सुटला, कविताला यवतमाळला दवाखान्यात नेलं, पाच दिवसांनी ती घरी आली. आता ती नर्स आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या बाबाच्या गुडघ्याबद्दल फोनवर रागावते ती हीच.

यात चमत्कार कुठे आहे, असं ईशान विचारेल. मला माहीत नाही, आणि मी वाद घालणार नाही. गयाबाई मला आठवडाभराने सहज सापडली. घाटाखालच्या वस्तीत सगळे तिला ओळखत होते. मी साडी-खण घेऊन गेले आणि भारावून म्हणाले, की त्या दिवशी तुमच्या रूपाने देवीच आली. ती चुलीवरचं भांडं उतरवत म्हणाली, "ओ मास्तरीणबाई, मले देवीबिवी करू नका. आमी बौद्ध हाओ. अन देवी असती तर कापूस इकला नसता का मी?" मग जरा थांबून, "मनात लय आलं असन तर बसा, च्या घ्या. साडी ठेवा त्या पोरीच्या लग्नाले." मी बसले. चहा घेतला. तिच्या घरात खरंच छतापर्यंत कापूस होता आणि आम्ही दोघी त्याला टेकून बसलो होतो. देणाऱ्याला आपल्याला हवं ते नाव चिकटवणं, हाही एक प्रकारचा ताबाच असतो, हे मला तिच्याकडून कळलं. ती गयाबाई होती, म्हणूनच मला पुरली.

माझा राग कमी झाला का? नाही. तो रपटा आणखी दोन वर्षं तसाच होता, आणि मी दर महिन्याला एक पत्र टाइप करून पाठवत राहिले, प्रती ठेवून. वासुदेव अजूनही त्या फाटकाशी आहे. मी देवीला यातलं काहीही माफ केलेलं नाही, आणि तिने कधी मागितलेलंही नाही. एवढंच कळलं, की राग धरून तिच्या पायाशी येता येतं. मूठ मात्र उघडावी लागते. मी यादी केली, नियम केले, वही ठेवली, आणि जिथे माझं सगळं नीट होतं तिथेच हवा गेली. जे मी देणार नाही म्हणाले होते, तेच तिने माझ्याकडून मागितलं, आणि स्वतःसाठी नाही मागितलं. पुढच्या शनिवारी मी शांताला फ्रिजमधल्या सगळ्या शिश्यांचा हिशोब दाखवला, तीन तिच्या हातात दिल्या आणि वही बंद केली.

सायकल टपावर टाकून तांड्यातून एसटीने परत आल्यावर मी टायर सोडवला होता. आतला कापूस दगडांनी आणि रबराने काळा पडला होता, पीळ तेवढा तसाच. मी त्यातली एक वात उलगडली, सरकी काढली, पुन्हा बारीक वळली. फडताळातली समई उलटी ठेवली होती ती सरळ केली. रबराचा जरा वास आला, थोडा धूर झाला, आणि ज्योत लागली. रेणुकेच्या टाकावर दीड वर्षाने उजेड पडला. मी हात जोडले आणि म्हटलं, "कविता जेवली आज."

उरलेली वात डबीत आहे. रेवा, ते काळं म्हणजे ती.